अद्ययावत आहे काय?

आमच्या कचेरीतून दरमहा दिल्लीस जे विवरणपत्र जाते, त्याच्या अकराव्या रकान्यात एक प्रश्न छापलेला असतो : "डिस्क प्रतिमा अद्ययावत आहे काय?" पुढे होय आणि नाही असे दोन शब्द, आणि नको असलेला शब्द खोडावा अशी सूचना. डिसेंबर २०१५ पासून एप्रिल २०१७ पर्यंत, म्हणजे ओळीने सतरा महिने, आम्ही त्यातील 'नाही' हा शब्द खोडत आलो. रेघ नेहमी सरळ येई, कारण पट्टी वापरण्याची आम्हाला सवय आहे.

सरकारी सेवेत आयुष्य घालविलेल्या वाचकांस अशा रकान्यांचा स्वभाव समजावून सांगण्याची गरज नाही. 'होय' लिहिले की प्रश्न मिटतो, 'नाही' लिहिले की पत्रव्यवहार सुरू होतो. शिवाय आमचे उत्तर अगदीच खोटे होते असेही आम्हाला तेव्हा वाटत नसे. प्रतिमा होती, ती चालत होती, आणि ज्या दिवशी ती तयार केली त्या दिवशी ती खरोखरच अद्ययावत होती. 'अद्य' आणि 'यावत्' या दोन शब्दांचा अर्थ 'आजपर्यंत' एवढाच होतो, हे संस्कृतच्या शिक्षकांनी आम्हाला शाळेत सांगितले होते. पण तो 'आज' कोणता, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही.

संगणकाशी ज्यांचा संबंध सही करण्यापुरताच येतो, अशा वाचकांसाठी थोडे मागून सांगतो. कचेरीत नवा संगणक आला म्हणजे तो लागलीच कामास लागतो असे नाही. त्यावर आधी कार्यप्रणाली बसवावी लागते. मग लेखनाची व हिशेबाची साधने, देवनागरी आणि बांगला टंक, छपाईयंत्रांच्या जुळण्या, विषाणुरोधक, वेतनपत्रकांचा कार्यक्रम, असे एकामागून एक चढवावे लागते. एका यंत्रास एक माणूस आणि दीड दिवस, असा आमचा जुना हिशेब होता. आणि डलहौसी चौकातील मुख्य कचेरी व उपनगरांतील लहान कचेऱ्या मिळून यंत्रे होती एकशेचाळीस. तेव्हा जगभर करतात तेच आम्ही केले. एकच यंत्र मनाजोगते सजविले आणि त्याच्या चकतीवर जे जे होते त्याचा जसाच्या तसा ठसा एका मोठ्या फाइलीत उतरवून घेतला. हीच डिस्क प्रतिमा. नव्या यंत्रावर ती ओतली की अर्ध्या तासात ते यंत्र पहिल्याचे जुळे भावंड होऊन उभे राहते.

कचेऱ्यांच्या बोलीत या क्रियेस बरीच वर्षे 'घोस्ट मारणे' असे म्हणत. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरी तयार झालेला आणि १९९८ साली अमेरिकेतील सिमॅन्टेक कंपनीने विकत घेतलेला 'घोस्ट' नावाचा एक कार्यक्रम या कामासाठी सर्वत्र वापरीत, त्यावरून हा वाक्प्रचार रूढ झाला. आमच्या जुन्या इमारतीच्या दरवानास एके संध्याकाळी आमच्या माणसाने "आज रात्री दहा यंत्रांवर घोस्ट मारायचा आहे, वरचा मजला उघडा ठेवा" असे सांगितले, तेव्हा त्याने चावी देऊन टाकली आणि स्वतः मात्र फाटकाबाहेर जाऊन बसला. मराठीत आणि बंगालीत भूत म्हणजे पिशाच. भूत म्हणजे होऊन गेलेलेही. डिस्क प्रतिमेस हा शब्द दोन्ही अर्थांनी शोभतो असे आता वाटते. ती उतरविल्या क्षणापासून होऊन गेलेल्या यंत्राची असते.

(याच शहराच्या उत्तरेस बरानगर येथे भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५६ साली देशातला पहिला अंकीय संगणक काम करू लागला. विलायतेहून आलेल्या त्या यंत्राचे नाव एच.ई.सी.-२एम. ते एकुलते एक असल्यामुळे त्याची प्रतिमा काढून दुसऱ्यावर ओतण्याचा प्रश्नच नव्हता. आमची सारी दुःखे अनेकवचनातून आलेली आहेत.)

प्रतिमा शिळी का होते, हे समजण्यासाठी महिन्याचा दुसरा मंगळवार लक्षात ठेवावा लागतो. मायक्रोसॉफ्ट कंपनी ऑक्टोबर २००३ पासून आपल्या प्रणालीतील दोषांच्या दुरुस्त्या त्या दिवशी प्रसिद्ध करते. तिकडे ती सकाळची वेळ असते तेव्हा इकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा वाजलेले असतात. म्हणजे कोलकात्यापुरते बोलायचे तर दुरुस्ती बुधवारी उगवते. दुरुस्ती प्रसिद्ध झाली की दोषही प्रसिद्ध होतो, हे यातले मर्म. कालपर्यंत जे छिद्र थोड्यांनाच ठाऊक होते ते आज सर्वांना ठाऊक होते, आणि ज्याने ते बुजविले नाही त्याच्या घरात शिरणे सोपे होते. चालू यंत्रे आपापल्या दुरुस्त्या मागवून घेतात. पण फाइलीत निजलेल्या प्रतिमेस बाहेर कोणता महिना चालू आहे याची वार्ता नसते. दोन वर्षांनी तिला उठवून नव्या यंत्रात घातली, तर ती दोन वर्षांपूर्वीच्या विश्वासाने डोळे उघडते.

डोळे उघडल्यावर तिला पहिल्याच दिवशी सगळे शिळे जेवण एकदम जेवावे लागते. २०११ सालच्या 'विंडोज ७'च्या सुधारित आवृत्तीवर २०१६ पर्यंत दोनशेहून अधिक दुरुस्त्या साचल्या होत्या. आमच्या एखाद्या उपनगरी कचेरीत अशी चार यंत्रे एका सकाळी चालू केली, की त्या बिचाऱ्या कचेरीची दूरसंचाराची तार दुपारपर्यंत गुदमरून जाई. वेतनाची बिले अडकत. आणि मग एखादा व्यवहारी कारकून दुरुस्त्यांचे येणेच बंद करून टाकी. त्याला आम्ही दोष देत नाही. महिनाअखेरीस पगार महत्त्वाचा असतो.

याहून एक गमतीचा घोटाळा आमच्या हातून झाला होता. प्रत्येक यंत्रास बाहेरून दिसणारे नाव असते, तसा आत दडलेला ओळखीचा क्रमांकही असतो. प्रतिमा उतरविण्यापूर्वी मूळ यंत्राच्या अंगावरील या खुणा पुसाव्या लागतात. न पुसल्या तर सर्व जुळ्यांना एकच जन्मखूण मिळते. आमच्या प्रतिमेत दुरुस्त्या वाटणाऱ्या मध्यवर्ती यंत्राने दिलेला क्रमांक पुसावयाचा राहिला. परिणाम असा झाला की त्या यंत्राच्या यादीत आमची नवी यंत्रे सारी मिळून एकच दिसू लागली. सकाळी त्या ओळीवर एका कचेरीचे नाव असे, दुपारी दुसऱ्या. कधी बारासतचे यंत्र उत्तर देई, कधी हावड्याचे. दुरुस्ती कोणास पोचली आणि कोणास नाही, हे ब्रह्मदेवासही सांगता आले नसते. पण अहवालात ती एकच ओळ हिरवी असे, आणि आम्ही त्या हिरवळीवर समाधानाने नजर फिरवून अकराव्या रकान्याकडे वळत असू.

हे प्रथम ज्याच्या ध्यानात आले तो आमचा सहाय्यक. आमचा म्हणणे तसे बरोबर नाही. एका पुरवठादार संस्थेमार्फत वर्षाच्या कराराने आलेला सव्वीस वर्षांचा मुलगा. राहणारा शोभाबाजारचा. आडनाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात त्याची परवानगी आम्ही घेतलेली नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये एके दुपारी तो आमच्या मेजापाशी आला आणि म्हणाला, "सर, ही प्रतिमा टाकून देऊ या."

"टाकून? चालते आहे ना?"

"चालते आहे, सर. पण आपण तिलाच ठिगळे लावीत बसलो तर उद्या कोणते ठिगळ कशासाठी लावले ते कोणालाच आठवणार नाही. त्यापेक्षा दर महिन्याला नवी करू."

दर महिन्यास नवी, हे ऐकून आम्ही हसलो. मूळ प्रतिमा तयार करण्यास आम्हाला चार दिवस लागले होते. तेव्हा त्या मुलाने वाद घातला नाही. पुढच्या शनिवारी आपल्या घरी चहास येण्याचे निमंत्रण दिले आणि चहा झाल्यावर आम्हाला कुमारटुलीत घेऊन गेला.

कुमारटुलीचे वर्णन आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल, काहींनी तेथील गल्ल्यांतून चिखल तुडविलाही असेल. बनमाली सरकार रस्त्याच्या दोहो बाजूंस त्या वेळी पूजेच्या मूर्तींची घाई चालली होती. पावसाने माती सुकत नव्हती, म्हणून एके ठिकाणी मूर्तीच्या पोटाशी शेगडी ठेवलेली होती. अर्धवट सिंह, बिनशिराचे महिषासुर, ओळीने टांगलेले हात. मराठी माणसास हे दृश्य पेणच्या कारखान्यांची आठवण देते, पण एक फरक चटकन दिसतो. पेणला साचा सर्व मूर्ती देतो. येथे साच्यातून निघतो तो बहुतेक चेहरा. बाकी देह बांबूच्या आणि लाकडाच्या सांगाड्यावर पेंढा बांधून, त्यावर आधी चिकट आणि मग रेताड माती लिंपून, प्रत्येक वेळी नव्याने उभा करतात. त्या सांगाड्यास ते काठामो म्हणतात. रथयात्रेच्या दिवशी काठामोची पूजा होते, महालयेस देवीचे डोळे रेखतात आणि दशमीस सर्व पाण्यात जाते. माती विरघळते. काठामो मात्र पुष्कळदा नदीतून परत काढतात आणि तो पुढच्या वर्षी पुन्हा कामास येतो.

बंगालीत या मूर्तीस 'प्रतिमा' म्हणतात. हिंदी विवरणपत्रातील 'डिस्क प्रतिमा' वाचून आमचे बडोबाबू दरवेळी हात जोडीत, तो विनोद आम्हाला ठाऊक होता. त्यामागे एवढे काही असेल असे वाटले नव्हते.

"काठामो ठेवायचा, सर," तो मुलगा म्हणाला. "माती ठेवायची नाही."

परतताना ट्रामच्या रुळांवरून चालता चालता त्याने आपली पद्धत सांगितली. कंपनीकडून आलेली मूळ प्रणाली जशीच्या तशी, हात न लावता, बाजूस ठेवायची. तिच्यावर काय काय आणि कोणत्या क्रमाने चढवावयाचे याची यादी अशी लिहायची की यंत्राने ती स्वतः वाचून पार पाडावी. यंत्राच्या पोटात एक कल्पित यंत्र निर्माण करावे आणि हा सारा विधी त्यात करावा, म्हणजे कोणत्याही खऱ्या यंत्राचे स्वभावदोष प्रतिमेत उतरत नाहीत. ओळखीच्या खुणा पुसून शिक्कामोर्तब करण्यापूर्वी त्या कल्पित यंत्राची अवस्था जपून ठेवावी. कारण शिक्कामोर्तबाने परवान्याचे घड्याळ मागे फिरते, आणि 'विंडोज ७'मध्ये ते तीनदाच फिरू देत. दर महिन्यास दुसऱ्या बुधवारी यादी पुन्हा चालवावी. रात्रभरात नवी प्रतिमा. जुनी पाण्यात.

"आणि यादीत जे लिहिले नाही ते प्रतिमेत नाही," तो म्हणाला. "म्हणजे कोणाच्या डोक्यात काही राहत नाही."

आम्हाला हे आवडले. आवडले म्हणूनच आम्ही ते पुढे ढकलले. पूजेच्या सुट्ट्या होऊ देत, मग वर्षअखेर होऊ दे, मग अर्थसंकल्पाची गडबड होऊ दे. खरे सांगायचे तर आमच्या डोक्यात जे होते तेच आमच्या खुर्चीचे बळ होते, आणि ते एका कंत्राटी मुलाच्या यादीत उतरावे याची आम्हाला घाई नव्हती. त्याने मात्र एका वहीत यादी लिहून काढली. तपकिरी पुठ्ठ्याची, शाळेच्या मुलांची असते तशी वही.

मार्च महिना आपणा सर्वांस ठाऊक आहे. ३१ तारखेस न खर्चिलेला पैसा परत जातो, म्हणून २७ मार्च २०१७ रोजी बावीस नवी यंत्रे आमच्या दारात उतरली. बिले मंजूर व्हावयाची तर यंत्रे बसविल्याचा दाखला हवा. आम्ही नोव्हेंबर २०१५ ची प्रतिमा काढली आणि दोन दिवसांत बावीसही यंत्रांवर ओतविली. मुलगा एकदाच म्हणाला, "सर, या महिन्याची दुरुस्ती मोठी आहे म्हणतात." आम्ही म्हणालो, "एप्रिलमध्ये पाहू." त्यातील नऊ यंत्रे निवृत्तिवेतन शाखेत गेली.

ती मोठी दुरुस्ती १४ मार्चला प्रसिद्ध झाली होती. १२ मे रोजी, शुक्रवारी, 'वॉनाक्राय' या नावाने ओळखला जाणारा विषाणू जगभर पसरला. जेथे जेथे ती दुरुस्ती नव्हती तेथे तो आपण होऊन एका यंत्रातून दुसऱ्यात गेला; दीडशे देशांत दोन लाखांवर यंत्रे त्याने बंद पाडली; इंग्लंडात रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आम्ही रविवारी हे वर्तमानपत्रात वाचून इंग्लंडबद्दल हळहळलो. सोमवारी, १५ तारखेस, साडेदहा वाजता निवृत्तिवेतन शाखेतील यंत्रांच्या पडद्यांवर तांबडी चौकट आली होती आणि तीत तीनशे डॉलर मागितलेले होते. शाखेच्या कागदपत्रांची दुसरी प्रत फक्त फेब्रुवारीपर्यंतची होती.

अशा वेळी काय काय होते त्याचे वर्णन करीत नाही. तारा उपटल्या, यंत्रे पुसली, वरिष्ठांचे दूरध्वनी आले. आमच्या मनात राहिला आहे तो आमचा दप्तरी. एकतीस वर्षे त्याने आमच्या फाइली एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेल्या होत्या आणि त्याच मेअखेरीस तो निवृत्त होणार होता. त्याची सेवा पडताळून केलेली सारी विवरणे त्या नऊ यंत्रांपैकी एकात होती. सेवापुस्तक कागदी असल्यामुळे सर्व पुन्हा करता आले, पण त्यास वेळ लागला. त्यास तात्पुरते वेतन मिळाले. उपदानाची रक्कम आणि अंतिम हिशेब ऑक्टोबरपर्यंत अडकला. तोपर्यंत आठवड्यातून दोनदा तो येई आणि ज्या बाकावर नोकरीत असताना बसे त्याच बाकावर बसे. पूर्वी घंटी वाजली की उठायचा, आता घंटी वाजली तरी बसून राहायचा. कधी कधी चुकून अर्धा उठायचा. आम्ही जवळून गेलो की एवढेच विचारी, "शाहेब, हुआ?"

चौकशीचे टिपण आम्हीच लिहिले. त्यातील मुख्य वाक्य आजही तोंडपाठ आहे : "सदर प्रतिमा वेळोवेळी अद्ययावत करण्यात आलेली नव्हती." आपण सर्वांनी अशी वाक्ये लिहिलेली आहेत. कर्मणी प्रयोगाची सोय ज्या कोणी केली त्याचे सरकारी नोकरांवर फार उपकार आहेत. क्रिया घडते, कर्म भोगते, आणि कर्ता जेवणाच्या सुट्टीत गेलेला असतो. वरून शेरा आला की देखभालीची जबाबदारी कोणाकडे होती ते कळवावे. आम्ही नियमानुसार कळविले की देखभाल करारानुसार पुरवठादार संस्थेच्या माणसाकडे आहे. त्यात एकही शब्द असत्य नव्हता. पूजेपूर्वी सप्टेंबरात त्या मुलाच्या कराराचे नूतनीकरण झाले नाही. शिफारस आमच्याकडून जावयाची होती. आम्ही ती नाकारली नाही; फाइल आमच्या मेजावर होती आणि मुदत संपली, इतकेच. जाताना त्याने किल्ल्या, एक चाचणीयंत्र आणि ती तपकिरी वही पावती घेऊन परत केली. वहीची पावती आम्ही मागितली नव्हती.

त्या वर्षी पूजेत एका शेजाऱ्यांकडे दोन भावांत सणावरून वाद चालला होता. एकाच्या पंजिकेप्रमाणे संधिपूजेची वेळ एक, दुसऱ्याच्या पंजिकेप्रमाणे दुसरी. बंगालात हा वाद जुना आहे. गुप्त प्रेसची पंजिका प्राचीन गणितावर चालते, आणि १८९० पासून निघणारी विशुद्ध सिद्धांत पंजिका नव्या वेधांवर. आपल्याकडे व्यंकटेश बापूजी केतकरांनी याच आग्रहापायी आयुष्य वेचले. पुढे मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली नेमलेल्या समितीने देशभरची पंचांगे गोळा करून पाहिली, तेव्हा सूर्यसिद्धांताचे वर्ष खऱ्या ऋतुवर्षापेक्षा सुमारे चोवीस मिनिटांनी मोठे असल्यामुळे शतकानुशतके साचत साचत ऋतू तेवीस दिवस सरकलेले आढळले. २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली, आणि राष्ट्रीय पंचांगाचे गणित आजही याच शहरातील खगोल केंद्रात होते. शेजाऱ्यांचा वाद ऐकत असता आमच्या मनात आले की त्या चौदाशे वर्षांत नकला करणाऱ्या कोणीही हलगर्जीपणा केला नव्हता. चोवीस मिनिटे प्रत्येकाने इमानाने उतरवून घेतली होती. आमची प्रतिमाही अगदी इमानदार होती.

पूजेची सुट्टी संपल्यावर आम्ही वही उघडली. यादीत एक्केचाळीस पायऱ्या होत्या, प्रत्येकीपुढे 'का' असा एक रकाना होता, आणि त्यात बंगाली वळणाच्या इंग्रजीत एकेक ओळ. सातव्या पायरीपुढे लिहिले होते की अमुक छपाईयंत्राची जुळणी सरांनी २०१४ साली हाताने केली, कारण विचारावे. त्याने विचारले नव्हते, किंवा विचारले असेल आणि आम्ही ऐकले नसेल. कारण आम्हालाही आठवले नाही. ती पायरी आम्ही काढून टाकली. काही बिघडले नाही. पहिली प्रतिमा त्या पद्धतीने तयार करण्यास आम्हाला तीन आठवडे लागले, दुसरीस दोन दिवस; पुढे ती बुधवारी संध्याकाळी लावून ठेवावी आणि गुरुवारी सकाळी तयार मिळावी, असा क्रम बसला. मूळ प्रतिमा हलकी ठेवायची आणि वेतनासारखे वारंवार बदलणारे कार्यक्रम ओतल्यानंतर निराळे चढवायचे, हे शहाणपण मागाहून आले.

एक गोष्ट मात्र आम्ही वहीच्या विरुद्ध केली. वहीप्रमाणे प्रतिमा तयार झाली की लागलीच वापरावी. आम्ही तिला एक आठवडा तीन यंत्रांवर वागवून पाहतो आणि मग बाकीच्यांवर सोडतो. तरुणांना हा भित्रेपणा वाटतो. पण १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा-कंपनीने पाठविलेल्या सदोष सुधारणेने जगातील सुमारे पंचाऐंशी लाख यंत्रे एका सकाळी निळी पडली आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे मिळाली, तेव्हापासून आमचा आठवडा कचेरीत कोणी काढून घेतला नाही. शिळे अन्न बाधते तसे कच्चेही बाधते.

अशा कामात मनुष्य बुडाला की त्याला सगळीकडे तेच दिसू लागते. दोन वर्षांपूर्वी पुण्यास गेलो असता रिक्षावाल्यास आम्ही एका चित्रपटगृहाच्या खुणेने रस्ता सांगितला. तो तरुण गृहस्थ मागे वळून म्हणाला, "काका, ते पाडून किती वर्षे झाली! तुम्ही बाहेरचे का?" घरी आल्यावर हे भाच्यास सांगितले तर तो आमच्या 'चित्रपटगृह' या शब्दासच हसला. आम्ही पुणे १९९८ साली सोडले. हजरा रस्त्यावरील महाराष्ट्र निवासात गणेशोत्सवास जमतो तेव्हा आपण सारे आपापल्या बदलीच्या सालातले मराठी बोलत असतो; कोणी १९८५ चे नागपूर, कोणी २००३ चे सांगली. सौभाग्यवतींनी तर आमच्या घरी कोलकात्यात जन्मलेल्या मुलीस जी पाककृती शिकविली आहे, ती आता त्यांच्या माहेरीही कोणी त्या रीतीने करीत नाही. मुलगी ती मन लावून, तंतोतंत करते.

विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. दोन्ही वेळा काठामो बदलावा लागला, यादी बहुतेक तीच राहिली. आता आमचीच मुदत संपत आली असल्याने गेल्या महिन्यात कार्यभार सोपविण्याचे टिपण लिहावयास घेतले. अकराव्या रकान्यापुढे आम्ही अलीकडे 'होय' ठेवून शेजारी प्रतिमेची तारीख लिहितो. दिल्लीहून त्याबद्दल दोनदा विचारणा झाली, कारण नमुन्यात तारखेस जागा नाही. टिपणात पद्धतीचे वर्णन करून झाले आणि शेवटी "ही पद्धत २०१६ साली सुचविण्यात आली होती" असे वाक्य हातून लिहिले गेले. ते खोडले. पट्टी न घेता खोडले. त्या जागी त्या मुलाचे पूर्ण नाव घालून कर्तरी वाक्य लिहिले, आणि पुढच्या परिच्छेदात नोव्हेंबर २०१५ ते एप्रिल २०१७ या काळात प्रतिमा कोणी अद्ययावत केली नाही तेही प्रथमपुरुषी लिहिले. सरकारी टिपणात 'आम्ही' चालत नाही, म्हणून तेथे 'मी' लिहावे लागले. आठ वर्षांपूर्वीच्या फाइलीवर याचा काही परिणाम होणार नाही, हे आम्हाला माहीत आहे.

त्याचा दूरध्वनी क्रमांक बडोबाबूंकडून मिळाला. तो हल्ली बंगळूरला असतो आणि त्याच्या हाताखाली, ऐकतो ते खरे असेल तर, आमच्या सगळ्या कचेरीहून अधिक यंत्रे आहेत. टिपणाच्या त्या दोन पानांचे छायाचित्र काढून आम्ही त्यास पाठविले. सोबत काय लिहावे ते सुचेना, म्हणून काहीच लिहिले नाही. दिवसभर उत्तर आले नाही. रात्री अकराच्या सुमारास आले. पहिल्या पानाविषयी एक शब्द नव्हता. दुसऱ्या पानावरील यादीविषयी त्याने लिहिले होते :

"सर, पूजेच्या सुट्टीनंतरची पायरी राहिली. दहा दिवस बंद असलेली यंत्रे त्या सकाळी एकदम उठतात. त्या आठवड्यात नवी प्रतिमा ओतू नये, आधी जुन्यांना दुरुस्त्या घेऊ द्याव्यात. वहीत मागच्या पुठ्ठ्यावर लिहिले होते."

वही काढून पाहिली. मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस, पेन्सिलीने, ते होते. यादीस बेचाळिसावी पायरी जोडली आणि 'का' या रकान्यात त्याची ओळ जशीच्या तशी उतरवून घेतली.